लस टोचल्यावर भाच्याचा पाय लुळा पडला. दवाखाना म्हणतो पैसे घ्या आणि सही करा. काय करावे?

वाळवंटीकाठ | 11 ऑगस्ट 2024, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसता वाचत आलो, लिहितोय पहिल्यांदाच.

माझी धाकटी बहीण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिली आहे. तिचा मुलगा आज पाच महिन्यांचा. पहिले दोन डोस सरकारी आरोग्य केंद्रात झाले, काही त्रास नाही. तिसरा, 14 आठवड्यांचा, 12 जूनला होता. त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की केंद्रापर्यंत जाणे नको म्हणून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेला. डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटकडे होते. इंजेक्शन तिथल्या कामाच्या मुलीने दिले. बहिणीला पक्के आठवते, मांडीत नव्हे, डाव्या कुल्ल्यावर. बाळ असे किंचाळले की बाहेर बसलेली माणसे उठून आली. रात्री भावजींनी पाहिले तर डावे पाऊल लोंबत होते, बोटे हलत नव्हती.

चौथ्या दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेले. तिथे दाखल करून घेतले, दोनदा शौचाचे नमुने घेतले, तीन आठवड्यांनी नसेची तपासणी केली. मागच्या बाजूने पायात जाणारी मोठी नस दुखावली आहे असे सांगितले. आता पायाला आधाराची पट्टी (स्प्लिंट) आणि आठवड्यातून दोनदा फिजिओ.

दवाखान्याचे डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले. वीस वर्षे गावात आहेत, रात्रीबेरात्री धावून येणारा माणूस. आमच्या आईसमोर त्यांचे डोळे भरून आले. परवा त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ स्टॅम्प पेपर घेऊन आले. रोख दीड लाख. त्यावर लिहिलेय की मुलाच्या प्रकृतीबद्दल आता वा पुढे कधीही कोणतीही मागणी वा तक्रार करणार नाही, कुठे बोलणार नाही. गणेश चवथीआधी सही व्हावी असा निरोप आहे.

भावजी काजूच्या बागायतीत रोजावर आहेत. दीड लाख त्यांना मोठे. बहीण म्हणते, डॉक्टर वाईट नाहीत, घेऊया आणि मिटवूया. मला सही नको वाटते, पण का नको ते तिला पटेल असे सांगता येत नाही.

सोनचाफा | 11 ऑगस्ट, 10.58

बाळाला उदंड आयुष्य मिळो. सही करू नका. एवढेच आत्ता लिहिते, जाणकार बोलतीलच.

काजूबोंड | 11 ऑगस्ट, 11.15

म्हणूनच मी म्हणतो या लसींचा काही भरवसा नाही. एप्रिलपासून कोविशील्डच्या बातम्या वाचतोय. कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात कबूल केले म्हणे. मग भरपाई सरकारकडूनच मागा ना, गावच्या डॉक्टरला का धरता?

म्हादईची लेक | 12 ऑगस्ट, सकाळी 6.20

मी सतरा वर्षे परिचारिका आहे, त्यातली अकरा लसीकरणाच्या कामात. ड्युटीला निघण्याआधी लिहिते.

काजूबोंडदादा, इथे लसीने काही केलेले दिसत नाही. सुईने केले आहे. या वयात पेंटाव्हॅलंटसारखी (पाच रोगांवरची) लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात. कुल्ल्यावर देत नाहीत, कारण तान्ह्याचा तिथला स्नायू अगदी लहान असतो आणि सायाटिक नस जवळून जाते. आम्हाला पहिल्या प्रशिक्षणात शिकवतात ती ही गोष्ट.

वाळवंटीकाठदादा, शौचाचे नमुने का घेतले ते बहिणीला नीट सांगितले का कुणी? 15 वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की पोलिओ नाही ना हे पाहावेच लागते. चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने, चौदा दिवसांच्या आत. भारताला 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले तरी ही पाळत चालू आहे. साठ दिवसांनी पुन्हा बाळ पाहायला माणूस येतो. ते दिवस तुमच्याकडे आताच भरताहेत. जो येईल त्याच्याकडून तपासणीची नोंद मागून घ्या.

दुसरे, याची लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना म्हणून नोंद झाली का? नसेल तर तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्या. दवाखाना खाजगी असला तरी नोंद होते. गंभीर घटनेची चौकशी जिल्ह्यातून होते आणि मग समिती कारण ठरवते. त्यांचे वर्ग ठरलेले आहेत: ए1 म्हणजे लसीच्या घटकामुळे, ए2 लसीच्या दर्जातील दोषामुळे, ए3 देण्यातल्या चुकीमुळे, ए4 इंजेक्शनच्या भीतीमुळे. सी म्हणजे योगायोग, दुसरेच कारण. तुमचे प्रकरण मला ए3 वाटते, पण ते ठरवणार समिती. ए3 असा कागद हातात आला तर तुमच्या बाजूचा त्याहून मोठा पुरावा नाही.

आणि कळकळीने सांगते, बाळाचे पुढचे डोस चुकवू नका.

दूधसागर 72 | 12 ऑगस्ट, 9.05

ताई, इतके स्पष्ट कुणी सांगत नाही. देव बरें करूं.

फोंड्याचा मास्तर | 12 ऑगस्ट, 9.40

काजूबोंड यांचा सरकारचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. खरोखर लसीनेच इजा झाली असती तर काय, हे पाहायला हवे.

इंग्लंडात 1979 पासून कायदा आहे. लसीमुळे 60 टक्के वा अधिक अपंगत्व आले तर एकरकमी 1,20,000 पौंड, कुणाची चूक ते सिद्ध करायची गरज नाही. 59 टक्के असेल तर छदाम नाही, हा त्यातला काटा. अमेरिकेत 1986 चा कायदा. तिथे लसीच्या दर डोसवर, ती जितक्या रोगांवर तितके वेळा 75 सेंट कर बसतो, त्यातून निधी जमतो आणि इजा झालेल्यांना त्यातून देतात. जर्मनीने तर 1961 मध्येच सुरुवात केली.

आपल्याकडे दोन मुलींचे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. कोविडची लस घेतल्यावर त्यांच्या मुली गेल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात म्हटले की सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही, दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागावी. ज्याची मुलगी गेली त्याने लस आणि मृत्यू यांचा संबंध दिवाणी कोर्टात सिद्ध करायचा! सगळ्यांच्या भल्यासाठी सगळ्यांनी टोचून घ्यायचे आणि लाखात एखाद्याला इजा झाली तर त्याने एकट्याने सोसायचे, हे मला अजिबात पटत नाही. मी लसीच्या बाजूचा आहे, म्हणूनच पटत नाही.

काजूबोंड | 12 ऑगस्ट, 10.10

मास्तर, माझे म्हणणे तुम्ही माझ्याहून नीट मांडले. म्हादईताईंचेही पटले. पहिला प्रतिसाद रागात लिहिला होता.

मांडवीपार | 12 ऑगस्ट, दुपारी 2.30

मी वकील आहे. कागद न पाहता सल्ला देऊ नये, म्हणून सर्वसाधारण बोलतो.

वाळवंटीकाठ, तुमच्या भावजींनी त्या डॉक्टरांना फी दिली. पावती आहे का? फी घेतली म्हणजे ती सेवा ग्राहक कायद्याखाली येते. 1995 च्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून टाकले. सर्वांना मोफत उपचार देणारे इस्पितळ, सरकारी असो वा खाजगी, तेवढे बाहेर राहिले. म्हणजे हेच इंजेक्शन केंद्रात चुकले असते तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होता.

तुमच्याशी सर्वात जवळचा निकाल 1998 चा, स्प्रिंग मेडोज. दिल्लीकडच्या त्या प्रकरणात परिचारिकेने लहान मुलाला चुकीचे इंजेक्शन दिले, मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने म्हटले की मूलही ग्राहक आणि पैसे भरणारे आईवडीलही ग्राहक. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या यातनेसाठी वेगळे पाच लाख. आणि परिचारिकेच्या चुकीला इस्पितळ जबाबदार. तेव्हा ‘इंजेक्शन मी दिले नाही’ हे डॉक्टरांना म्हणता येणार नाही.

मुदत दोन वर्षांची. 12 जून 2024 पासून मोजा. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला. 2019 च्या कायद्यात आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवर नव्हे, दिलेल्या फीवर ठरते, त्यामुळे तुमचे प्रकरण जिल्ह्यातच बसेल. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला दाखल शुल्कही नाही.

आता त्या स्टॅम्प पेपरकडे. पैसे मुलाच्या इजेचे आहेत. आईवडील पालक म्हणून सही करतील, पण हक्क मुलाचा. दावा चालू असताना अल्पवयीन मुलाच्या वतीने तडजोड करायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 32, नियम 7 कोर्टाची स्पष्ट परवानगी मागतो. कारण उघड आहे: गरजेपोटी आईबाप कमी घेऊन मोकळे होतील आणि आयुष्यभर मूल लंगडेल. त्या गृहस्थांना नेमकी ही पायरी चुकवायची आहे.

आज करायचे काम एकच. दवाखान्याकडे उपचाराची नोंद लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. लसीकरणाच्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आंबोळी | 12 ऑगस्ट, 4.15

एफआयआर करा! जुलैपासून नवीन न्याय संहिता आली आहे. एकदा पोलीस दारात आले की रक्कम आपोआप दहापट होईल.

मांडवीपार | 12 ऑगस्ट, 4.50

आंबोळी, असे सुचवू नका. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे डॉक्टरवर फौजदारी चालवायला ढोबळ, म्हणजे फार गंभीर, निष्काळजीपणा लागतो, आणि आधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. पैशाच्या वसुलीसाठी पोलिसांना पुढे करणे चुकीचे आहे आणि ते तक्रारदारावरच उलटते.

वडाची पार | 12 ऑगस्ट, 6.30

मी थोडे वेगळे बोलतो, रागावू नका. साठी उलटलेला माणूस आहे. तालुक्याच्या गावात मुलांचा डॉक्टर टिकत नाही. असलेला उद्या कंटाळून म्हापशाला गेला तर सगळ्या वाड्याची पोरे अंगावर घेऊन तापात कुठे धावायचे? आयोग, अपील, पुन्हा अपील. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षे जातात. रोजावरचा माणूस पर्वरीला किती खेपा घालील? एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. माणूस चुकला, रडला, पैसे देतोय. घ्यावेत. थोडे वाढवून मागावेत, पण घ्यावेत.

जांभळी सांज | 12 ऑगस्ट, रात्री 9.20

वडाची पार काका, तुमच्यासारखाच विचार आम्ही केला होता.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना इंजेक्शनच्या जागी गाठ झाली, पू झाला. दवाखाना कुठला ते लिहीत नाही, गाव लहान आहे. तिथल्या बाईंनी पंचवीस हजार दिले, आम्ही वहीच्या पानावर लिहून दिले की समाधान झाले. खरेच समाधान झाले होते. पू काढला, जखम भरली. पण आत स्नायू आखडत गेला आणि ती चालायला लागल्यावर गुडघा पुरता वाकेना. चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली, घरापासून लांब, चोवीस दिवस. सरकारी आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डावर बराचसा खर्च निघाला म्हणून वाचलो. यांची नोकरी मात्र त्यात गेली. पुन्हा त्या बाईंकडे गेलो तर त्यांनी ते वहीचे पान दाखवले. आवाज न चढवता दाखवले. मी त्या पानावरची माझी सही बघत उभी राहिले.

आज मुलगी अकरा वर्षांची आहे. पळते, पण मांडी घालून बसता येत नाही. आरतीला सगळी मुले खाली बसतात, हिला खुर्ची लागते.

दादा, तुमच्या बहिणीला माझे एवढेच वाचून दाखवा. इजा किती ते कळायच्या आधी किंमत ठरवू नका म्हणावे.

सोनचाफा | 12 ऑगस्ट, 9.45

ताई, वाचून गलबलून आले.

वडाची पार | 12 ऑगस्ट, 10.05

बाये, मी माझे शब्द मागे घेतो. डॉक्टर टिकला पाहिजे हे अजून म्हणतो. पण घाईने सही करू नये हे तुझे खरे.

पाऊलवाट | 13 ऑगस्ट, सकाळी 7.10

मी फिजिओथेरपिस्ट. जांभळी सांज यांनी लिहिले ते वैद्यकीय भाषेत असे: दुखावलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. तान्ह्याचा पाय छोटा, त्यामुळे आशा मोठ्या माणसापेक्षा जास्त. पण पहिल्या दोन महिन्यांत कुणीही ‘बरे होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे छातीठोक सांगू शकत नाही. तीन ते सहा महिने वाट पाहून सुधारणा नसेल तर सर्जन नस उघडून पाहण्याचा विचार करतात. म्हणजे आज दीड लाखात शस्त्रक्रिया धरली आहे की नाही, हे देणाऱ्यालाही माहीत नाही.

पट्टी दिवसा-रात्री किती तास लावायची ते विचारून घ्या. बाळ वाढते तशी पट्टी लहान पडते, दर काही महिन्यांनी बदलावी लागते. हा खर्च लोक मोजतच नाहीत. दर आठवड्याला पावलाचा छोटा व्हिडिओ काढा, तारीख दिसेल असा. उपचारालाही उपयोगी, दाव्यालाही.

पॉलिसीवाला | 13 ऑगस्ट, 11.30

बहुतेक डॉक्टर व्यावसायिक जबाबदारीचा विमा काढतात. त्यात अट असते की कंपनीला कळवल्याशिवाय चूक कबूल करायची नाही आणि परस्पर तडजोड करायची नाही. रोख रक्कम आणि घाई पाहून मला शंका येते की एकतर विमा नाही किंवा या ‘ओळखीच्या गृहस्थांनी’ डॉक्टरांना भलताच सल्ला दिलाय. डॉक्टरांना प्रेमाने सरळ विचारा, तुमची पॉलिसी आहे का? असेल तर पैसे त्यांच्या खिशातून जाणारच नाहीत. वडाची पार काकांची चिंताही मिटते.

वाळवंटीकाठ | 13 ऑगस्ट, रात्री 10.10

सगळ्यांचे वाचून दाखवले. जांभळी सांजताईंचे वाचताना बहिणीने मधेच थांबवले, पुन्हा वाच म्हणाली. पॉलिसीचे आम्हाला सुचलेच नव्हते. फीची पावती नाही, पण भावजींनी पैसे फोनवरून भरले होते, ते बँकेच्या उताऱ्यात दिसते. साठ दिवसांच्या तपासणीचा माणूस काल येऊन गेला.

एक विचारायचे राहिले. योग्य रक्कम म्हणजे किती? आणि सही नाही तर आता या महिन्याचा फिजिओचा खर्च कुठून?

मांडवीपार | 14 ऑगस्ट, दुपारी 1.15

रक्कम आज कुणी सांगू शकत नाही, पाऊलवाट यांनी कारण दिलेच. अंदाजासाठी वाहन अपघाताचे निकाल पाहतात. 2013 च्या मल्लिकार्जुन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या कायम अपंगत्वाला ढोबळ आकडे ठरवले: 10 टक्क्यांपर्यंत 1 लाख, 30 पर्यंत 3 लाख, 60 पर्यंत 4 लाख, 90 पर्यंत 5 लाख, त्यावर 6. उपचाराचा खर्च वेगळा. आणि 2020 मध्ये काजल प्रकरणात, एका बारा वर्षांच्या मुलीचे सगळे आयुष्यच परावलंबी झाले होते, तिथे रक्कम 62 लाखांवर गेली. म्हणजे टक्केवारी आणि पुढची गरज यांवर सगळे ठरते. ही प्रकरणे तुमच्यावर जशीच्या तशी लागू नाहीत, पण बोलणी करताना हाताशी असू द्या.

खर्चासाठी मधला मार्ग आहे. डॉक्टरांनी आत्ता होणारा उपचार, पट्टी, प्रवास यांचे पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि तिच्यावर लिहावे: ‘उभय पक्षांचे सर्व हक्क राखून, केवळ चालू उपचारासाठी.’ अंतिम तडजोड पाऊल स्थिर झाल्यावर, ग्राहक आयोगातल्या मध्यस्थीत किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. मुलाच्या नावाने मुदत ठेव करून मागा, नुसती रोख नको. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका: स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते, फोन 15100.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून तिथेही घाई नको.

आणि ‘कुठे बोलणार नाही’ हे वाक्य खोडायला लावा. आरोग्य खात्याला कळवण्यापासून तुम्हाला कुणी अडवू शकत नाही.

म्हादईची लेक | 14 ऑगस्ट, 8.40

हे शेवटचे फार महत्त्वाचे. त्या मुलीला कुणी शिकवलेलेच नसेल. नोंद झाली नाही तर ती उद्या दुसऱ्या बाळाला तिथेच टोचेल.

आंबोळी | 14 ऑगस्ट, 9.00

माझा सल्ला मागे. म्हादईताईंचे वाक्य वाचून कळले मी काय विसरत होतो.

वाळवंटीकाठ | 27 ऑक्टोबर 2024, रात्री 9.50

धागा वर काढतो. तुम्ही विचारत होतात, उशीर झाला.

सही केली नाही. चवथीच्या आधी बहीण आणि मी डॉक्टरांकडे गेलो, स्टॅम्प पेपर परत दिला. मांडवीपार यांनी सांगितलेल्या पावतीचा मजकूर वहीत लिहून नेला होता. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पॉलिसी आहे, पण कळवले तर नाव खराब होईल असे मला सांगितले गेले. त्याच आठवड्यात त्यांनी विमा कंपनीला कळवले. कंपनीला विचारून उपचाराचे पैसे देतात, ‘हक्क राखून’ पावतीवर. आतापर्यंत 38 हजार झाले. नोंदींच्या प्रतीही मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिल्या. इंजेक्शनची जागा त्यात लिहिलेली नव्हती, तेही त्यांनी लेखी मान्य केले. आरोग्य खात्याकडे नोंद झाली, जिल्ह्याची माणसे घरी आणि दवाखान्यात दोन्हीकडे येऊन गेली. समितीचा निर्णय यायचा आहे. विधी सेवेकडून बाई वकील मिळाल्या आहेत. त्या म्हणतात तक्रार तयार ठेवू, पण डिसेंबरची नसेची तपासणी होऊ दे.

आणि गेल्या सोमवारी अंगठा हलला. आधी वाटले पट्टीमुळे. पाऊलवाटताईंनी सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ काढला, फिजिओना दाखवला. हलतो म्हणाल्या. बाकीची बोटे अजून नाहीत.

जांभळी सांज | 27 ऑक्टोबर, 10.02

अंगठा हलला! मुलीला उठवून सांगितले.

म्हादईची लेक | 28 ऑक्टोबर, सकाळी 6.15

6 डिसेंबरला बाळाला नऊ महिने होतील, गोवर-रुबेलाची लस. ती मांडीत नसते, उजव्या दंडाला असते. बहिणीला भीती वाटणार. माझा फोन तुम्हाला खाजगी निरोपात पाठवला आहे. त्या दिवशी मी रजा टाकून तिच्यासोबत केंद्रावर येते.

वाळवंटीकाठ | 28 ऑक्टोबर, 7.30

ताई, तिला आत्ताच सांगितले. किती वाजता यायचे विचारते आहे.